शंभर झटके दिलेलं पाणी

राज्याचे आंध्र आणि तेलंगण असे दोन तुकडे झाले तेव्हा सरकारनं माझ्या बहिणीला आंध्रात टाकलं आणि मला हैदराबादेत राहू दिलं. आम्हा दोघांचे आईवडील एकच, नल्लकुंट्यातल्या एकाच जिन्यावर समोरासमोर दारं, आणि घरातली भाषाही एकच, अर्धी मराठी, पाव दख्खनी, पाव तेलुगू. पण त्या दिवसांत अक्काच्या सचिवालयात पंखे, कपाटं, फायली आणि माणसं अशी वाटणी चालली होती. माणसांच्या वाटणीत एक नियम असा होता की शाळेची बहुतेक वर्षं जिथं गेली, तिथले तुम्ही. अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिच्या शाळेच्या दिवसांत अण्णांची, म्हणजे आमच्या वडिलांची, बदली कर्नूलला झाली होती. मी दुसरीत जाईपर्यंत ते परत आले होते. त्यामुळे पंचावन्नाव्या वर्षी अक्का कर्नूलची, म्हणजे आंध्राची, ठरली आणि विजयवाड्याकडे जाणाऱ्यांच्या तात्पुरत्या यादीत तिचं नाव लागलं. मी तारनाक्याला रेल्वेच्या एका संस्थेत. रेल्वे केंद्राची, तिला कोण वाटणार. मला हातही न लावता सोडून दिलं.

"सहा वर्षं होते मी कर्नूलला," यादी बघून अक्का म्हणाली. "त्यातलं एक कावीळ नि गोवरात गेलं. तेवढं वजा करा म्हणावं."

तो तिचा शेवटचा विनोद. नंतर अक्का हळूहळू विझत गेली. एकदम नाही. आधी विनोद गेले. मग मोठी वाक्यं गेली. मग उरलं 'हो' आणि 'नक्को'. मग एका सोमवारी ऑफिसला जायची पर्स तिनं खांद्याला लावली, परत खुर्चीवर ठेवली, पलंगावर जाऊन बसली, आणि 'नक्को'ही गेलं.

ही बाई कोण होती ते सांगायला हवं, नाहीतर काय गेलं ते कळणार नाही. तिच्या खात्यात गुंतागुंतीची फाईल आली की लोक म्हणत, मॅडमकडे जाऊ दे, नोट त्याच लिहितील. चार ओळींत ती मंत्र्यालाही कळेल अशी नोट लिही आणि पाचव्या ओळीत त्याला पळता येणार नाही अशी व्यवस्था करी. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं मुलगा वाढवला. हसली की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागे. पन्नाशी जवळ आली तरी मला चारचौघांत "ए पोट्ट्या" म्हणून हाक मारी. ती आता खिडकीकडे तोंड करून बसून असायची, आणि माझी बायको दोन घास भरवायची.

बरकतपुऱ्यात एक डॉक्टरीणबाई बसत, मनाच्या आजारांच्या. पाच आठवडे आपोआप निवळेल म्हणून वाट बघून शेवटी आम्ही अक्काला रिक्षात घालून नेलं. बाईंनी अर्धा तास बघितलं, गोळ्या लिहिल्या आणि बजावलं, "तीन-चार आठवडे काही दिसणार नाही. तरी सोडायच्या नाहीत." आणखी एक गोष्ट त्या म्हणाल्या. गंभीर आजार असेल तर इथंच राहू द्या असा अर्ज करता येतो. त्या दाखला देतील. मनाचा आजार त्या समितीत आजार म्हणून धरतात की नाही, ते मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं. आणि अर्ज कर्मचाऱ्यानं स्वतः हजर राहून द्यायचा होता. मुदत दोन महिने.

म्हणजे प्रश्न साधा होता. अक्का दोन महिन्यांत बोलली पाहिजे. नाही बोलली तर ती अशी, न बोलणारी, एकटी, विजयवाड्याला भाड्याच्या खोलीत. हे चित्र मला दिसायचं आणि मी दुसरीकडे बघायचो.

आठ दिवसांनी उशीच्या अभ्र्यात बायकोला सहा गोळ्या सापडल्या. अक्का त्या जिभेखाली ठेवून नंतर थुंकत होती. परत डॉक्टरकडे चला म्हटलं तर पलंगावरून उठेना.

माझा स्वतःचा इलाज मी चालूच ठेवला होता. मी नकला करतो. लहानपणापासून करतो. अक्का गप्प झाली तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या पायाशी उभा राहून मी खेळ लावत होतो: तेलुगू बातम्या वाचणारी बाई, आमची गौलीगुड्याची मावशी, फायलीला नमस्कार करून सही करणारा अधिकारी. सात आठवडे. प्रेक्षकांत एकच बाई, तीही भिंतीकडे बघणारी. बायको दारातून म्हणायची, "अहो, पुरे आता. तिकीट परत मागतील."

अशा वेळी एका संध्याकाळी भाचा, म्हणजे अक्काचा मुलगा, माझ्याकडे आला. सव्वीस वर्षांचा, गच्चीबावलीला सॉफ्टवेअरमध्ये. त्यानं खिशातून ड्रॉपरवाली तपकिरी काचेची बाटली काढून माझ्यासमोर ठेवली.

"मामा, ओरडू नकोस. आधी पूर्ण ऐक."

"मी ऐकतोय."

"हे एलएसडी आहे."

मी बाटलीकडे बघितलं. अंगठ्याएवढी.

"म्हणजे त्यातलं एकदम थोडं, पाण्यात घातलेलं," तो घाईनं म्हणाला. "मायक्रोडोसिंग म्हणतात. इतकं कमी घ्यायचं की घेतलंय असं वाटतच नाही. रंग दिसत नाहीत, काही नाही. एक दिवस घ्यायचं, दोन दिवस सोडायचं. डिप्रेशनला फरक पडतो म्हणतात. मी चार महिने घेतोय. मला पडलाय."

मी ओरडायला हवं होतं. हा गुन्हा आहे, तुरुंग आहे, मी सरकारी नोकर आहे. पण त्याच्या एका वाक्यानं माझं तोंड बंद केलं होतं. इतकं कमी की कळतच नाही, तरी काम करतं. हे वाक्य मी ह्याच घरात वाढताना हजार वेळा ऐकलं होतं.

आमचे अण्णा महसूल खात्यात होते आणि उरलेल्या वेळात होमिओपाथ होते. जुन्या हैदराबादेत नोकरी केलेल्या मराठी घरांत असा एकेक अण्णा असायचाच. सागवानी पेटी, तिच्यात बुचाच्या बारीक बाटल्यांच्या ओळी, आणि चामडी बांधणीचा जाड ग्रंथ. त्यांचा सिद्धांत असा की औषध जितकं पातळ तितकं जालीम. एक थेंब घ्यायचा, बाटलीभर पाण्यात टाकायचा, बाटली त्या ग्रंथावर शंभर वेळा आपटायची. त्यातला एक थेंब पुढच्या बाटलीत, परत शंभर झटके. असं करत करत औषध संपतं आणि शक्ती उरते. आम्हाला खोकला, नापास होणं, विंचू, सगळ्याला साखरेच्या गोळ्या मिळाल्या. त्यांच्यामागे पेटी माझ्याकडे आली, आणि खरं सांगायचं तर विश्वासही.

"तू चिडणार नाहीस?" भाच्यानं विचारलं. भांडणाची तयारी करून आलेला मुलगा, तयारी फुकट गेल्यासारखा दिसत होता.

"कशाला चिडू? ही तर आपल्या घरातलीच विद्या आहे. तुझे आजोबा..."

"मामा, प्लीज. हे होमिओपॅथी नाहीये. ह्यात खरंच काहीतरी आहे."

"त्यातही होतंच की."

"त्यात काही नव्हतं, मामा."

"मग तुझा डांग्या खोकला कुणी घालवला, सिंगरेणीच्या खाणीतल्या कोळशानं?"

तो उठून सरळ आईच्या खोलीत गेला आणि पलंगाशी बसून त्यानं तिला सगळं सांगितलं: काय आहे, किती आहे, कायद्याचं काय. हे त्यानं चांगलं केलं. शेवटी विचारलं, "आई, घेशील?" अक्का भिंतीकडे बघत राहिली. भाच्यानं माझ्याकडे बघितलं. मला आमच्या खात्यातली एक गोष्ट आठवली: फाईलवर काही न लिहिणं म्हणजे मंजुरी नव्हे.

"डॉक्टरीणबाईंना विचारूया?" मी म्हणालो.

"नको म्हणतील."

म्हणून विचारलं नाही. नको म्हणतील म्हणून न विचारणं ही आमची खरी चूक. बाकी गमती आहेत, ही गंमत नाही.

दोन दिवसांनी भाचा कंपनीच्या कामासाठी पाच आठवडे परदेशी गेला. किती थेंब, कुठल्या दिवशी, सगळं माझ्या मोबाइलवर लिहून गेला. बाटली माझ्याकडे, आणि देईन हा शब्दही माझाच.

अण्णांचा एक नियम होता, आणि तो मला आजही उमदा वाटतो: औषध आधी निरोगी माणसावर, म्हणजे स्वतःवर, बघायचं. रविवारी सकाळी बायको भाजीला रयतू बाजारात गेली. मी देवासमोर उभा राहिलो, जीभ बाहेर काढली आणि ड्रॉपर दाबला. जोर जास्त झाला. सांगितलेल्या थेंबांच्या कितीतरी पट गेलं असावं. मी मोजायच्या आत ते पोटात होतं.

अर्धा तास काहीच नाही. मी चहा टाकला. अक्काचा कप आणि माझा कप घेऊन समोरच्या दारात गेलो, तिच्या खोलीत खुर्ची ओढून बसलो. नक्कल तयार होती, नवीन होती, अप्रतिम होती. आणि मला जमीन दिसली.

अक्काच्या खोलीत शहाबादी फरशी आहे. चाळीस वर्षं मी तिच्यावर चाललो होतो. त्या सकाळी ती करडी नव्हतीच. तिच्यात निळा होता, हिरवा होता, पावसाळ्याआधीच्या आभाळाचा जांभळा होता, आणि ते सगळं फार सावकाश श्वास घेत होतं. मी पाय वर घेतले. मग भीती आली. छाती धडधडायला लागली. दहा-पंधरा मिनिटं माझी खात्री होती की मी कायमचा वेडा झालो आहे, बायको भाजी घेऊन येईल तेव्हा मी हसत असेन, आणि सोमवारी माझ्या निलंबनाचा आदेश टाईप होईल. त्यातल्या टायपिंगच्या चुकासुद्धा मला दिसत होत्या. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो. ही वाट कुणाला सुंदर म्हणून दाखवावी अशी नाही. त्या पंधरा मिनिटांत मला फक्त अण्णांची आठवण येत होती, आणि अण्णा काही बोलत नव्हते.

मग ती लाट ओसरली आणि मी मान वर केली. समोर अक्का होती.

मला हे लिहिता येईल असं वाटत नाही, तरी लिहितो. बायकोनं सकाळी तिची वेणी घातली होती. तेल लावलेली, पांढऱ्यात काळे पाच-दहा केस राहिलेली वेणी. मी तिचा एकेक पेड बघितला, वर जाणारा, खाली जाणारा, आणि मला वाटलं, हे कुणी केलं, इतकं नीट, इतकं प्रेमानं, आणि रोज. अक्काच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर पेन धरून पडलेला घट्टा होता. तीस वर्षांच्या नोटा त्या घट्ट्यात होत्या. खिडकीबाहेर शेवग्याची पानं हलत होती आणि तिच्या गालावर त्यांची सावली. सात आठवडे मी ह्या खोलीत दिवसातून दोनदा येत होतो आणि मी काय बघत होतो? ती हसते का, ते. बास. प्रेक्षकांकडे बघावं तसं मी बहिणीकडे बघत होतो. मला वाटायचं ती रिकामी झाली आहे. ती रिकामी नव्हती. ती गच्च भरली होती, आता आणखी काही मावणार नाही अशी, आणि मी रोज दोन वेळा येऊन तिच्यात नकला ओतत होतो.

नक्कल गेली. कुठं गेली कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. मी बसलो. चहा गार झाला. ऊन फरशीवरून दीड हात सरकलं. ते सरकताना मी बघितलं, खरोखर बघितलं, आणि मला एवढं आश्चर्य वाटलं की हे रोज होतं, फुकट होतं, आणि कुणी सांगितलं नाही.

"काय रे."

मला वाटलं तेही औषधातलंच आहे.

"काय रे, तुला बरं नाही का?"

आवाज गंजला होता. अक्का मान वळवून माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं, पण काही आलं नाही, डोळ्यांतून मात्र यायला लागलं. अक्का पलंगावरून उठली. भिंतीला धरून दोन पावलं आली आणि माझ्या कपाळावर हात ठेवला.

"ताप नाही," ती म्हणाली. "मग गप्प का बसलायस? दोन तास झाले."

"अक्का," मी कसंबसं म्हणालो, "तू बोल."

"मी काय बोलू. तू गप्प बसलास की घरात कुणी गेल्यासारखं वाटतंय." आणि उशाशी ठेवलेला पाण्याचा पेला तिनं उचलला.

तेवढ्यात बायको दोन्ही हातांत पिशव्या घेऊन दारात आली. तिनं जे बघितलं ते असं: नणंद उभी, हातात पाण्याचा पेला, नवरा खुर्चीत पाय वर घेऊन रडतोय.

"वन्सं," ती म्हणाली, पिशव्या खाली ठेवल्या, आणि मग मला, "तुम्ही काय केलंत?"

"काही नाही. बसलो होतो."

"तुम्ही? नुसते?"

त्या रात्री मी तिला खरं सांगितलं. ती अर्धा तास माझ्याशी बोलली नाही आणि नंतर दोन तास बोलली.

आता खरी अडचण. त्या बाटलीत काय ताकद आहे ते मी बघितलं होतं. असली वस्तू आपल्या बहिणीच्या जिभेवर ठेवायची? जोर जास्त झाला तर? ती पंधरा मिनिटं तिला आली तर, तिच्याच्यानं खुर्ची धरवेल का? पण भाच्याला वचन दिलं होतं, आणि अक्का बोलली होती, म्हणजे आता थांबायचं कसं? मी पेटी उघडली. माझ्या भीतीला मी अण्णांच्या शास्त्राचा कोट घातला. भाच्याच्या बाटलीतला एक थेंब, बाटलीभर पाण्यात. त्या जाड ग्रंथावर शंभर झटके. त्यातला एक थेंब पुढच्या बाटलीत. अशा सहा बाटल्या. शाळेतल्या रसायनशास्त्रानुसार सहाव्या बाटलीत पाणी होतं. अण्णांच्या गणितानुसार मेलेला उठून बसेल एवढं काहीतरी होतं.

"हे तुझ्या लेकानं ठेवलेलं आहे," मी अक्काला म्हणालो. "पातळ केलंय. घेशील?"

तिनं थोडा विचार केला. "दे," म्हणाली, आणि तळवा पुढे केला.

एक दिवस घ्यायचं, दोन दिवस सोडायचं. तिकडे बायकोनं डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या परत सुरू केल्या, आणि ह्या वेळी स्वतः समोर उभी राहून. "तोंड उघडा, वन्सं. जीभ वर. डावीकडे." अक्का म्हणायची, "सून असतीस तर सोडचिठ्ठी दिली असती." म्हणजे विनोद आला. तिसऱ्या आठवड्यात. एक लहानसा, पण खालचं कुत्रं एकदा भुंकलं. आणि मी सकाळी अक्काकडे जाऊन बसायचो, नक्कल न घेता. पहिले काही दिवस फार जड गेले. न बोलणारा माणूस काय करतो ते मला ठाऊकच नव्हतं. मी वेणीकडे बघायचो. फरशी करडीच होती. तरी पहिल्यासारखी करडी नव्हती.

भाचा परत आला. आईनं दार उघडलं, "वाळलास," म्हणाली, आणि तो दारातच बॅगेवर बसला. नंतर माझ्याकडे येऊन मला मिठी मारली.

"मामा, बघ. सांगितलं होतं ना. बाटली दे."

मी दिली. त्यानं ती उजेडात धरली.

"ही जवळजवळ भरलेलीच आहे."

मी सांगितलं. पेटी दाखवली, सहा बाटल्या दाखवल्या. त्यानं सहावी बाटली उघडून वास घेतला.

"मामा, तू आईला पाणी पाजलंस."

"शंभर झटके दिलेलं."

"पाणी."

"सहाशे झटके, खरं म्हणजे."

तो हसायला लागला. पोट धरून हसला, मग फरशीवर बसला, आणि हळूहळू ते हसू थांबलं. "मग आई बरी कशी झाली?" तो म्हणाला. मी पेटीचं झाकण लावलं. मग अगदी हळू आवाजात, "आणि मी? मी कशानं बरा झालो?" तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा मुलगा इतके महिने बरा नव्हता, आणि घरात कुणाला दिसलं नव्हतं. मी त्याच्या शेजारी बसलो. "तुझ्या बाटलीत होतं रे," मी म्हणालो. "मी स्वतः बघितलंय." त्याला हसू आलं नाही.

अक्का दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"उद्या दोघंही माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चला," ती म्हणाली. "आणि काही लपवायचं नाही. मी बघतेय."

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी मला विचारलं, "तुमचं ब्लडप्रेशर किती असतं?" मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग मला जी बोलणी बसली ती मी इथं लिहीत नाही. भाच्याला त्या शांतपणे म्हणाल्या की अशा औषधांवर मोठ्या इस्पितळांत डॉक्टर शेजारी बसवून तपास चाललेत, पण ह्या बारीक बारीक डोसांत थेंबाचं काम किती आणि आशेचं किती हे अजून कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. आणि रस्त्यावरून आलेल्या बाटलीत काय आहे, हे तर देवालाही सांगता येणार नाही. "तुझं स्वतःचं काय चाललंय, त्यासाठी गुरुवारी एकटा ये." आणि मग माझ्याकडे वळून, "तुम्ही पाणी पाजलंत म्हणून मी तुमच्याशी अजून बोलतेय."

"पण मला कशानं बरं वाटलं?" अक्कानं विचारलं.

"गोळ्यांना साधारण एवढेच दिवस लागतात."

"त्या रविवारी मी गोळी घेत नव्हते."

बाईंनी कागदावरच्या तारखा परत एकदा बघितल्या. वीस-पंचवीस वर्षं हे काम केलेली बाई. खिडकीबाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

मी आयुष्यात खूप डॉक्टर बघितले, घरातही एक होता. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. बायको अजून म्हणते गोळ्या. मी कधी अण्णा म्हणतो, कधी रविवार. त्या अंगठ्याएवढ्या बाटलीनं माझ्यासाठी जे उघडलं ते मी नाकारत नाही, आणि परत कधी त्या दाराशी गेलोही नाही. भाच्यानं त्याच संध्याकाळी ती मोरीत ओतली आणि बाटली तीनदा विसळली. तो गुरुवारी गेला. पुढच्याही गुरुवारी गेला.

राहिला अर्ज. मुदतीला नऊ दिवस होते. मी म्हणालो, मी लिहितो, 'प्रकृती अस्वास्थ्य' एवढंच घालू, कशाला उघड करायचं, उद्या खात्यात सगळे बघतील, भाच्याचं लग्न व्हायचंय.

"तू गप्प बस," अक्का म्हणाली. "ते तुला आता जमतं."

ती टेबलाशी बसली आणि दोन कागद फाडून तिसऱ्यावर लिहिलं. एक पान. मी ते दोनदा वाचलं. सरकारी इंग्रजी, मुद्दे एक ते सहा, कुठं हुंदका नाही. चौथ्या मुद्द्यात तिनं लिहिलं होतं की अर्जदाराला ह्या काळात प्रत्येक वस्तूचं नाव आठवत होतं, पण ती कशासाठी असते ते आठवत नव्हतं. सबब अर्जदार कामावर हजर राहू शकली नाही. चाळीस वर्षं मी गोष्टी सांगतोय. असं वाक्य मला कधी सुचलेलं नाही.

अर्जाचं पुढे काय झालं ते आत्ताच सांगतो, म्हणजे त्याची काळजी नको. तो 'विचाराधीन' राहिला. अक्का हैदराबादेतच कामावर गेली, वर्षं गेली, ती रिटायर झाली, आणि माझ्या माहितीप्रमाणे तिच्याबद्दल अजून विचार चालू आहे.

आम्ही तो द्यायला गेलो त्या दिवशी खिडकीपुढे मोठी रांग होती. प्रत्येकाच्या हातात कुणाचा तरी एक्स-रे, कुणाचा हृदयाचा कागद. आमचा नंबर आला. खिडकीतला कारकून चाळिशीचा, थकलेला. त्यानं अर्ज उलटसुलट केला, दाखला बघितला, आणि अक्कावरून नजर काढून मला तेलुगूत विचारलं, "पेशंट कोण आहे?"

मी तोंड उघडलं होतं.

"मी," अक्का म्हणाली. तेलुगूत, सरळ, त्याच्याकडे बघून. "मला विचारा. अर्जही मीच लिहिलाय."

"आजार काय, मॅडम? इथं मनाचा असं लिहिलंय."

"मनाचाच आहे. सात आठवडे मी बोलत नव्हते. आंघोळ नाही, जेवण नाही. आता गोळ्या चालू आहेत, बोलता येतं. एकटी राहिले तर परत होईल असं डॉक्टर म्हणतात. सोबतचा दाखला, पान दोन."

मागची रांग पुढे सरकून ऐकायला लागली होती. मी अक्काकडे बघत होतो. तिचा आवाज थोडा चिरका होता, आणि त्या बोळकांडीत तो शेवटपर्यंत जात होता. तिला घाम आला होता, तो तिनं पदरानं पुसला, आणि उभी राहिली.

कारकुनानं शिक्का मारला. पोच फाडून दिली. मग बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून खिडकीच्या गजांशी तोंड आणून त्यानं विचारलं, "मॅडम, ह्या डॉक्टर कुठं बसतात?"

"कुणासाठी?"

त्यानं मागच्या रांगेकडे बघितलं आणि एक कोरा कागद पुढे सरकवला.

अक्कानं त्याचंच पेन घेतलं आणि पत्ता लिहून दिला, बस कुठली ते लिहिलं, वेळ लिहिली. खाली एक रेघ मारून आणखी एक ओळ लिहिली आणि कागद त्याच्याकडे सरकवला. "घरी वाचून दाखवा," ती म्हणाली. "गोळ्या आठ दिवसांत सोडू नका असं लिहिलंय. आणि आधी काही दिवस शेजारी नुसतं बसा. काही विचारू नका."

मागून कुणीतरी म्हणालं, "चला ना अम्मा, लाईन थांबलीय."

"थांबू दे," अक्का म्हणाली, वळून न बघता. "मी बोलतेय."